दोनदा हात आपटला की सोडायचं

करुणाताई ज्युदो शिकवायची, पण नव्या पोरीला ती कितीतरी दिवस कुणाला पाडू द्यायची नाही. नुसतं पडायला लावायची. घुग्घुसमध्ये विहारामागच्या हॉलात आम्ही रांगेनं पडायचो, पाठीवर, कुशीवर, हनुवटी छातीला टेकवून. ती कमरेवर हात ठेवून फिरत असायची. "उभं रायनं तुमच्या मायनं शिकवलं. पडनं कोनी शिकवलं? कोनीच नाई. म्हून लोकं जल्मभर चुकीचे पडतेत."

पडता येऊ लागलं की दुसरा धडा हात आपटण्याचा. ज्युदोत एकीनं दुसरीला जखडलं, हात पिळला, आणि खालचीला सोसवेना, तर तिनं दोनदा हात आपटायचा. जमिनीवर आपटा, नाहीतर समोरचीच्या अंगावर. म्हणजे पुरे. त्याच क्षणी सोडायचं. या बाबतीत करुणाताई कुणाचं ऐकायची नाही. "हारजीत गेली चुलीत. समोरचीनं दोनदा हात आपटला अन् तुमी सोडलं नाई, त तुमी माही पोरगी नाई."

ती स्वतः मात्र कधीच आपटायची नाही. आम्ही तिघी-चौघी तिच्या अंगावर बसायचो, दंड पिळायचो. तिचा चेहरा लाल व्हायचा, कपाळाची शीर फुगायची, पण हात हलायचा नाही. शेवटी आम्हीच घाबरून उठायचो.

"ताई, तुमी काऊन नाई आपटत?"

"मले दुखतच नाई ना बे."

ती एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका होती. कंत्राटी माणसाला मॅट कोण देतो? अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग तिनं मॅट स्वतःच केली. चामोर्शीला तिच्या मामाची धानाची शेती. तिथलं तणस आणून पोत्यांत भरलं, पोती एकमेकांना शिवली आणि वरून कोळशाच्या ट्रकची जुनी ताडपत्री ताणून बांधली. कितीही धुतली तरी त्या ताडपत्रीचा कोळसा सुटला नाही. आमच्या पांढऱ्या पोशाखाच्या पाठी काळ्या व्हायच्या आणि घरोघरी आया करुणाताईच्या नावानं बोटं मोडायच्या.

आता रस्त्याचं सांगते. इथून कोळशाचे ट्रक वरपर्यंत भरून जातात. त्यांच्यावर ताडपत्री बांधावी असा नियम आहे. नियम कागदावर आहे आणि कोळसा रस्त्यावर. एका सकाळी करुणाताई मोपेडवरून शाळेत निघाली होती. पुढच्या उघड्या ट्रकमधून कोळशाचं ढेकूळ पडलं, चाकाखाली आलं, मोपेड घसरली. ती पडली ती अगदी बरोबर पडली, हनुवटी छातीला, कुशीवर. डोक्याला ओरखडा नाही. मागून येणाऱ्या ट्रकला मात्र कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तो डाव्या नडगीवरून गेला.

ट्रक झाकून न्या, अशी पत्रकं आम्ही हॉलातल्या पोरी तेव्हापासून वाटतो आहोत. लोक वाचतात, त्यात भजी बांधून नेतात.

हाड जुळलं, पण पाय चार बोटं आखूड झाला. ती लंगडत हॉलात आली आणि शिकवायला लागली. बसून सांगायची, आम्ही करायचो. पण पाडताना सगळा भार डाव्या पायावर घेऊन वळायचं हा तिचा जुना डाव होता, आणि तो पायच आता जमिनीशी नीट बोलत नव्हता. ती भिंतीला धरून एकटीच वळून बघायची, तोल जायचा, पुन्हा वळायची. तिला चालायला यायचं, त्यात तिचं समाधान नव्हतं. तिला परत मॅटवर उभं राहून कुणालातरी पाडायचं होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय लांब करता येतो. हाड कापायचं, पायाभोवती लोखंडी कडी बसवायची, हाडात तारा घालायच्या आणि कड्यांमधले नट रोज जरा जरा फिरवायचे. कापलेली टोकं दूर सरकत जातात आणि मधल्या फटीत नवं हाड धरतं. तिनं विचार करायला वेळही मागितला नाही.

ती कडी पायात घालून घरी आली तेव्हा गल्लीत चर्चा झाली. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "उंची वाढवून राह्यली म्हणते करुणा. लगनासाठी का वं?"

"हो ना काकू. पन एकाच पायाची वाढवून राह्यलो. नवरदेवाले सांगजा, डाव्या बाजूनंच पाहाचं."

नट फिरवायचे तिचे बाबा. ते खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. आयुष्यभर पाने हातात धरलेला माणूस, पण लेकीच्या पायाशी बसला की पाना नटाला लावून तसाच थांबायचा. मी तिथे असले की पाना माझ्याकडे द्यायचे आणि परत मागून घ्यायचे.

"करुणे, दुखलं त सांगजो."

"फिरवा बाबा."

"लय नट कसले म्या. पन हा नट फिरवला का मलेच दुखते."

"दुखते म्हंजे जित्तं हाये. फिरवा."

तारा जिथून कातडीत शिरत होत्या तिथे पू धरला, ताप येऊ लागला. डॉक्टरांनी विचारलं की ती म्हणायची, "बरं आहे." आम्हाला तिनं शिकवलं होतं की मॅटवर रडायचं नाही, घरी जाऊन रडा. तिला घरही मॅटच वाटत असावं. पुवावर गोळ्या मिळाल्या, तेव्हा तो सुकला असं वाटलं. कडी निघाली. दोन्ही टाचा एका रेषेत टेकल्या. बाबांनी ओळंबा लावून पाहिलं आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

डॉक्टर म्हणाले होते, नवं हाड कच्चं आहे, काठी सोडू नका. जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी आम्ही सराव करत होतो. एका संध्याकाळी ती हॉलात आली, काठी दाराशी उभी केली, जोडे काढले आणि मॅटसमोर कमरेत वाकून नमस्कार केला.

"ताई, डॉक्टर..."

"डॉक्टर ज्युदो खेलते का? पकड मले."

मी तिची कॉलर धरली. ती वळली. पुढचं मला दिसलंच नाही, इतकं ते हलकं होतं. छत आलं, ताडपत्री आली, पाठीखाली तणस चुरचुरलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. पाडणारीनं पडणारीची बाही धरून ठेवायची असते, म्हणजे ती अलगद पडते. मी पडून झाले तरी करुणाताई माझी बाही सोडेना. खालून मला तिचा चेहरा दिसत होता. शीर फुगली होती.

"पाह्यलं ना पोट्टीहो? जा, पानी प्या."

पोरी बाहेर गेल्यावर ती माझ्या खांद्याचा आधार घेत खाली बसली आणि म्हणाली, "बाबाले बोलाव. गाडी घेऊन या म्हना."

नवं हाड तडकलं होतं. आत दबलेला पू त्या तडकलेल्या हाडात शिरला. नागपूरला नेलं तेव्हा ती तापानं फणफणली होती. काही दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला कॉटजवळ बोलावून तिच्यासमोरच सांगितलं. दोन रस्ते आहेत. सडलेलं हाड काढून पुन्हा कडी, पुन्हा नट, पुन्हा सगळं. किती काळ चालेल सांगता येत नाही आणि पाय वाचेलच असंही नाही. नाहीतर गुडघ्याखालून पाय काढायचा.

बाबांची नजर स्वतःच्या पंजांवर होती. म्हणून मी बोलले. मला बोलता येतं, पत्रकं वाटताना चौकात माइकवर बोलते मी. म्हटलं, "ताई, आपण परत लढू. पुन्हा कडी लावू. मी रोज येईन, नट मी फिरवीन. तुम्हीच त शिकवलं, हार मानाची नाई." मी तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

तिनं दुसरा हात चादरीतून काढला. आणि माझ्या मनगटावर आपटला. दोनदा.

इतका हळू, की नर्सला वाटलं ती मला थोपटते आहे. बाबांनाही तसंच वाटलं. त्या वॉर्डात त्याचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. इतक्या वर्षांत तिनं कुणाच्याही अंगावर तो हात आपटलेला नव्हता. तिची शीर फुगलेली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि नुकती हॉलात आलेली एखादी पोर नियम विसरते का, हे पाहताना ती जशी पाहायची, तशीच पाहत होती.

मी हात सोडला. डॉक्टरांना म्हटलं, "पुरे."

पाय काढल्यावर बाबा तिला चामोर्शीला मामाकडे घेऊन गेले. निघताना हॉलाची किल्ली माझ्याकडे दिली. तिनं आत येऊन पाहिलं नाही, गाडीतच बसून राहिली. ट्रक अजून उघडेच जातात आणि आमची पत्रकं अजून भजीलाच लागतात. हॉलात आता मी शिकवते. नवी पोर आली की पहिले पडणं, मग हात आपटणं. परवा एकीनं विचारलं, "ताई, आपटलं म्हंजे हारलं का?"

मी तिला खाली जखडलं होतं, तिचा मोकळा हात माझ्या मनगटावरच होता. मी म्हटलं, "आपटून पाहा." तिनं दोनदा आपटला, आणि मी सोडलं.