दोन शर्टांचा हंगाम

"थंडीत एकावर एक, उन्हाळ्यात एकाआड एक," असं म्हणत ती दोन बोटं माझ्या तोंडासमोर नाचवायची. ती बोटं म्हणजे तिचे दोन शर्ट, ऊस तोडताना लुगड्यावर घालायचे. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ट्रकात चढायची, ती उन्हाळ्यातच परत.

सोनपेठच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान, समोर तिचं घर. मी शाळा दुसरीत सोडली, पण पाटीवर 'टेलर मास्टर' लिहून घेतलं. पाटी रंगवणारा हसला, तर त्याच्याशीही भांडलो.

पोळा झाला की ती ओट्यावर पत्र्याची पेटी उघडायची. तिच्यात मावेल तेवढंच न्यायचं. तीन लुगडी, दोन परकर, दोन शर्ट, एक जाड बंडी. कुठलंही कशावरही चाललं पाहिजे. नवऱ्याचे जुने शर्ट उसवायची, वितीनं मापायची, हातानं शिवायची. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "बघा, लग्नाचा बस्ता बांधायलीय."

शर्ट म्हणजे नुसतं पोतं. बाह्या ढगळ, काखेत चौकोनी तुकडा जोडलेला. दुसऱ्याची शिलाई बघून नाक मुरडत नाही असा शिंपी तुम्ही कधी बघितलाय? मी तर त्यातला पुढारी.

एका वर्षी उठून गेलो आणि कापड मागितलं. "माझ्या दुकानासमोर असलं शिवतीस, माझी इज्जत जायलीय."

"एक घ्या. दुसरा मीच शिवते. पण मामा, काखेला तुकडा टाका. मोळी उचलायची हाय."

"मला शिकवतीस?"

"शिकवत न्हाई, सांगायलेय."

"माझ्या शर्टाची काख आजवर उसवली न्हाई."

"तुमचा शर्ट घालून कुणी कधी हात वर केलाय का?"

ओट्यावरच्या बाया हसल्या. त्या हसल्या म्हणूनच मी तुकडा टाकला नाही. शर्ट मात्र असा बसला, की तिनं आरशात दोनदा बघितलं. मी आठ दिवस छाती काढून फिरलो.

उन्हाळ्यात ट्रक आला. ती खोकतच उतरली. मी लाज सोडून विचारलं, "कसा होता नमुना?"

"बरा होता," म्हणाली आणि घागर घेऊन गेली.

खरं काय ते तिच्या नवऱ्यानं सांगितलं. पहिल्याच दिवशी मोळी डोक्यावर घेताना दोन्ही काखा टर्रकन फाटल्या. ठिगळ लावलं, तर शेजारी फाटलं. उसाचं पान कातडी कापतं, म्हणून मग उरलेला एकच शर्ट संध्याकाळी धुवायचा आणि पहाटे ओलाच अंगात चढवायचा. थंडीभर ती तशी राबली आणि मी इथं शेकोटीला बसून फिटिंगच्या गोष्टी सांगत होतो.

तेव्हाच जाऊन चुकलो म्हणायचं होतं. पण पाटीवर मास्टर लिहिलेला माणूस असं कसं म्हणणार? मी बटण लावायच्या निमित्तानं तिनं हातानं शिवलेला शर्ट आणला, त्याचा नमुना कागदावर उतरवून घेतला आणि पुढच्या पोळ्याला दोन शर्ट शिवून दिले. तिनं बाही उलटी करून काख बघितली.

"तुकडा टाकलात, मामा?"

"कापड उरलं होतं," मी म्हणालो.

तिनं घडी घालून शर्ट पेटीत ठेवले.

आता दोन वर्षं झाली, ती तिकडंच साखर कारखान्याच्या गावाला लेकीपाशी राहते. छातीला थंडी सोसत नाही म्हणतात. तोडीला जाणाऱ्या बाया आता माझ्याकडं शर्ट शिवतात. नमुना कुणाचा, असं विचारलं की मी परवापर्यंत पाटीकडं बोट दाखवायचो.

तिला वाचता येत नाही, लेकीला येतं. म्हणून हे लिहून काढलं, अक्षर वेडंवाकडं असलं तरी. लेकी, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव. चूक माझी होती. हसली तर हसू दे. मधेच खोकला आला तर थांब, पाणी दे, आणि मग 'चूक माझी होती' तिथून परत वाच.