उत्तमकाकाचं विमान अन् तानाकाकूची चक्की

दिग्रसले आमच्या घरामागं उत्तमकाका राह्यतात. उत्तमसिंग राठोड. धंदा थ्रेशर दुरुस्तीचा, घरी तानाकाकूची पिठाची चक्की, अन् मागच्या मोकळ्या जागेत विमान. खरंच विमान. एका माणसापुरतं, लोखंडी पाइपाचं. पंखांवर अजून कापड चढलं नाही, पण पुढं जुन्या मारुतीचं इंजिन बसलं हाय अन् त्याच्या पुढच्या पंख्याले सागवानाची दोन पाती. मी यवतमाळहून कॉलेजच्या सुटीत आली का आधी तिकडंच पळते, बॅग पण घरी ठेवत नाही.

काका उडाचं नावच काढत नाहीत. उडाले सरकारची परवानगी लागते, ते मंगचं मंग पाहू म्हणतात. त्याइले एवढंच पाहाचं हाय, आपण तासलेली पाती एवढ्या सांगाड्याले ओढतात का नाही.

या खेपेस गेली तं घरात तणतण चालू. चक्कीची मोटर जळाली होती, ती नव्या तारेनं भरून आणाले काकाइले विमानापायी सवड नव्हती, लोकं दळणाचे डबे घेऊन वापस जाऊन राह्यले होते, अन् काकूची नजर त्या मारुतीच्या इंजिनावर. शेवटी काकांनी शब्द देला, आज काट्यावर क्विंटलभर ओढ दिसली नाही तं उद्या इंजिन काढून चक्कीले जोडतो. काकूनं चक्कीजवळची जागा झाडून पण ठेवली.

काटा म्हणजे कापूस तोलाचा, गोल तबकडीचा. त्याचं एक टोक कडुनिंबाच्या बुंध्याले बांधलं, दुसरं दोरानं विमानाच्या शेपटीले. इंजिन सुरू केलं का विमान पुढं जोर करते अन् काटा सांगते किती.

पह्यल्यांदा साठ किलो. काका म्हणे पंखा हळू फिरून राह्यला. इंजिन अन् पंख्याच्या मधात पट्टा हाय, इंजिनकडं लहान पुली, पंख्याकडं मोठी, म्हणजे इंजिन दोनदा फिरलं का पंखा एकदा. थ्रेशरचा पंखा हळू पडला तं काका त्याच्याकडची पुली लहान बसवतात, आजवर तेच करत आले, इथंही तेच केलं. काटा पन्नासवर आला. मले काही समजेच ना, पुली लहान केली तं पंखा जोरात फिराले पाह्यजे ना, मंग ओढ कमी काहून झाली? काकांनी आणखी लहान पुली बसवली. चाळीस. इंजिन तं नुसतं घुरघुरे.

काकांनी ते बंद केलं अन् बाजेवर जाऊन बसले. पाना हातातच. मलेच रडू येऊन राह्यलं.

तानाकाकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. वर न पाह्यताच म्हणे, "अजी, दाणे जास्त पडून राह्यले."

काका म्हणे, "कुठचे दाणे?"

"चक्कीत एकदम जास्त दाणे सोडले का अस्साच आवाज येते. गळा दाबल्यावानी. तवा मी पुली नाही बदलवत. दाणे कमी सोडते."

काका तिच्याकडं पाहातच राह्यले. मंग उठून पात्यांजवळ गेले, त्यांच्यावरून हात फिरवला, अन् मले समजावून सांगाले लागले. खरं तं स्वतःलेच सांगत होते. पातं जितकं तिरपं, तितका हवेचा घास मोठा. त्याइले वाटलं होतं मोठा घास म्हणजे जास्त ओढ. पण इंजिनले तो घास गिळताच येत नव्हता, अन् पुली लहान करून करून ते त्याले आणखी घाईनं भरवून राह्यले होते.

पह्यलेची मोठी पुली वापस बसवली. बोल्ट ढिले करून पाती पार कमी तिरपी केली, माह्या मोबाईलवर कोन पाहून दोन्ही सारखी, नाहीतं सारं विमान थरथरते. या वेळेस इंजिन असं किंचाळलं का कडुनिंबावरचे पारवे उडाले. पण ओढ? पंचावन्न.

"आता दाणेच नाहीत," काकू ओट्यावरून म्हणे, अन् काका हसले, सकाळपासून पह्यल्यांदा.

मंग थोडी तिरपी केली. ब्याऐंशी. आणखी कणभर. आता आवाज ना घुरघुर ना किंचाळणं, एकसारखा, भरलेला. काटा नव्वदवर थरथरला, शंभरच्या पुढं गेला अन् तिथंच थांबला. दोर असा ताणला होता का मी मागं सरकली.

काकांनी इंजिन बंद केलं. मी काकूजवळ जाऊन बसली अन् इचारलं, तू सांगतलं कायले, गप राह्यली असती तं इंजिन तुलेच भेटलं असतं.

"आवाज आयकवत नव्हता वं," ती म्हणे, अन् शेंगा सोलत राह्यली.

तेवढ्यात काका चक्कीच्या खोलीत गेलते. जळालेल्या मोटरचे बोल्ट काढून ती बाहेर आणली अन् मोटरसायकल सुरू केली. मोटर आजच भरून आणतो म्हणे. मी इचारलं, पंखांवर कापड कवा चढवता? तं म्हणे, "आधी लोकाइचं दळण."

काकू मोटर मांडीवर घेऊन मागं बसली. जाता जाता मले बजावून गेली, आम्ही येतपर्यंत इंजिनाले कोणाले हात लावू देऊ नको.