दाराजवळची जागा

चंद्राआक्का वखारीत शिरण्याआधी उंबऱ्यापाशी उभी राहून एक मोठा श्वास घ्यायची, विहिरीत बुडी मारायच्या आधी घेतात तसा. मग ओला पदर नाकाला गुंडाळून दाराला लागून असलेल्या आपल्या जागेवर चाळण घेऊन बसायची. निपाणीच्या त्या तंबाखूच्या वखारीत वारा यायचा तो तेवढ्याच जागी. वीस वर्षं तंबाखू चाळल्यावर ती जागा तिच्या वाट्याला आली होती.

ही गोष्ट स्वराज्याच्या आधीची. मी कामावर आले तेव्हा मला सातवा महिना होता, नवरा नुकताच तापानं गेलेला. नवी बाई म्हणून मला आतला कोपरा मिळाला. पहिल्याच दिवशी ओकून ओकून जीव नकोसा झाला. आक्कानं माझी चाळण उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली, स्वतःची माझ्या कोपऱ्यात.

"हितं बस. बाळंत झालीस की माजी जागा मला परत दे. फुकट न्हाय देत मी."

मुलगी झाली. तिची झोळी दाराशी टांगली आणि मी आत जायला चाळण उचलली, तर आक्का म्हणाली, "पोर रांगू दे." पोर रांगली. "चालू दे की गं." पोर चालू लागली. मग मी विचारायचंच सोडलं. खरं सांगते, मला ती जागा सोडवत नव्हती.

आक्का तोंडाची फटकळ, मुकादमालाही सोडायची नाही. "तंबाखू खानाऱ्याला चढतीया आन् चाळनाऱ्याच्या छातीत बसतीया," असं त्याच्या तोंडावर म्हणायची. सुटी झाली की गुळाचा खडा तोंडात टाकायची. गुळानं धूळ उतरते, अशी आम्हा सगळ्या बायकांची समजूत. पुढे खोकल्यानं तो खडाही तोंडात टिकेना. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणणारी आक्का एका ओळीत दोनदा थांबू लागली.

शेवटी तिनं अंथरूण धरलं. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसलेली असायची. मी तिच्या पायाशी बसून रडले.

"आक्का, तुजी जागा तू घे आता."

ती हसायला गेली, तर खोकलाच आला. "आता कशाला गं? पोरगी काय करतीया?"

"साळंत जातीया."

"खोकती?"

"न्हाय."

"मग झालं की."

दोन दिवसांनी ती गेली. त्याच लेकीनं पुढे मला अक्षरं शिकवली, म्हणून हे लिहिता येतंय.

आक्का गेल्यावर मी तिच्या आतल्या कोपऱ्यात जाऊन बसले. जन्मभर इथंच बसायचं, असं ठरवलं होतं. तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी चाळण उचलून पुन्हा दाराशी आले.

आक्का त्या कोपऱ्यात सात वर्षं बसली होती.