चेकची ओळ

बायकोच्या डोळ्यात बुरशी झालीय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा मला आधी रागच आला. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत माझा अर्धा जन्म गेलाय. बुरशी म्हणजे बियाण्याची. बुरशीनाशकाची गुलाबी पावडर चोळली की विषय मिटला. माणसाच्या डोळ्यात ती कुठून येईल? पण मक्यात खुरपताना तिच्या डोळ्याला पान लागलं होतं खरं. मेडिकलवरून थेंब आणले, लाली उतरली, आम्ही खूश. त्या थेंबांनी वरची लाली दबली आणि आत बुरशीचं फावलं, हे संभाजीनगरच्या दवाखान्यात कळलं. तोवर बुबुळावर पांढरा ठिपका उमटला होता.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बुरशीवर औषधं मोजकीच आहेत. तिची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखी, तिला मारायला जावं तर आपल्यालाच इजा व्हायची भीती. म्हणून नवं औषध निघता निघत नाही. आता एक निघालंय, त्याची चाचणी चालू आहे. निम्म्या पेशंटना नवं, निम्म्यांना जुनं. बाटल्या सारख्याच, कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नाही. चाचणीत भाग घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाल्या.

अहो, हे तर माझंच काम! नवं वाण पेरलं की तुलनेला शेजारी जुन्या वाणाची एक ओळ लावतो. तिला आम्ही चेक म्हणतो. चेक हरावा म्हणूनच तर सगळा खटाटोप असतो. आता माझी बायकोच चेकमध्ये गेली तर? व्हरांड्यात नेऊन तिला हे सगळं सांगितलं, संमतीच्या कागदावर सही करू नको म्हणालो. तिनं दुखऱ्या डोळ्यावर पदर धरून शांतपणे ऐकून घेतलं.

"चेकच्या ओळीला पाणी कमी देता का तुम्ही?"

"न्हाई. बराबर तेवढंच द्यावं लागतं."

"मंग झालं तर. पेन आणा."

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तासातासाला थेंब. सकाळी उठलो की तिचा चांगला डोळा हातानं झाकायचा आणि विचारायचं, किती बोटं? ती वैतागायची. मी काय पहिलीत हाय का, म्हणायची. दवाखान्याच्या बाकावर शहागडचे एक दादा भेटायचे. त्यांच्या डोळ्यात उसाचं पाचट गेल्तं, दुखणं हेच, चाचणीही हीच. हिच्याशी शेंगा खात गप्पा मारायचे. मी मात्र चोरून त्यांचा डोळा बघायचो. ठिपका वाढलेला दिसला की घाबरायचो, आणि कमी दिसला तरी घाबरायचो, कारण मग नवं औषध त्यांनाच मिळालं असणार. काय सांगू, डोकं बिलकुल ठिकाणावर नव्हतं. नंतर नंतर ते दादा दिसेनासे झाले.

एका सकाळी नेहमीसारखा तिचा चांगला डोळा झाकला आणि बोटं धरली. ती म्हणाली, "बोटं राहू द्या. आधी शर्टाच्या गुंड्या नीट लावा." खाली पाहिलं तर एक गुंडी वरच्या काजात गेली होती. मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

चाचणी संपल्यावर दवाखान्यातून फोन आला. हिला जुनंच औषध होतं. मी हसतच स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, तू चेकमध्ये होतीस. तरी जिंकलीस."

तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"आणि शहागडच्या दादांना कोणतं होतं? त्यांचा डोळा राह्यला का?"

फोन अजून माझ्या हातातच होता. मी ते विचारलंच नव्हतं.