हिलारियाच्या खिडकीसमोरचे सहा युक्का

प्लासिदा रेनोवातो भित्री आहे असं म्हटलं तर आमच्या गावात लोक हसतील. अंगणात निघालेल्या सापाचे ती कुदळीनं दोन तुकडे करते, कुंपणाबाहेर फेकते आणि हात धुऊन पुन्हा पीठ मळायला बसते. नवरा खाणीत दगावला तेव्हा शवपेटीची मापं तिनंच सुताराला सांगितली. पण मार्चमध्ये डोंगरावरून कोरडा वारा सुटला, की हीच बाई उंबऱ्यावर येऊन बसते आणि मान वर करून हवा हुंगत राहते. त्याला कारण आहे, आणि त्या कारणात माझाही हात आहे, म्हणून आज वहीत नेहमीपेक्षा जास्त लिहिते आहे.

माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला प्लासिदानं तिला हातावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि कितीही भांडलो तरी 'तुम्ही' सोडत नाही. तिच्या घरात ती आणि तिची थोरली बहीण हिलारिया, दोघीच. हिलारियाचं कमरेखालचं अंग कधीचंच गेलेलं. देह थोराड, तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. मागच्या खोलीत खिडकीला लावून तिची खाट असते. खिडकीतून दिसतं तेवढंच तिच्या वाट्याचं गाव.

पूर्वी त्या खिडकीसमोर ओक होता, त्यांच्या आजोबांच्याही आधीचा. लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही तेव्हा तो उभ्या उभ्या वाळला. तोडावा लागला. मग दुपारचं ऊन थेट हिलारियाच्या तोंडावर येऊ लागलं. त्या जागी काय लावायचं यावरून बहिणींचं महिनाभर वाजलं. मी रोज संध्याकाळी तिथं जपमाळ म्हणायला जायची, त्यामुळे सगळं माझ्या देखत.

"ओकच लाव," हिलारिया म्हणायची. "त्याच्या बुडाशी ओल धरते. पाखरं येतात."

"मी अठ्ठावन्न, तू त्रेसष्ट," प्लासिदा म्हणायची. "त्याची सावली पडेपर्यंत आपल्या दोघींवर गवत उगवलेलं असेल. युक्काचा पुरुषभर खांब तोडून रोवला, की त्याच दिवशी दारात काहीतरी उभं दिसतं. पाणी मागत नाही, आणि वर फुलं देतो."

"सुयांचा गड्डा नुसता. पाखरू बसलं तर रडत उठेल."

"तुला पाखरांची काळजी. मला तुझ्या डोळ्यांची."

"माझ्या डोळ्यांची काळजी असती तर बघायला झाड दिलं असतंस, झाडू नसता दिला."

शेवटी दोघींनी मला विचारलं. मी युक्का म्हणाले. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आम्ही मांस खात नाही, आणि गुड फ्रायडेला चर्चच्या अंगणात साऱ्या गावाचं जेवण असतं, ते माझ्याकडे. युक्काच्या पांढऱ्या फुलांतला कडू गाभा काढायचा, फुलं उकडून पाणी फेकायचं, मग टोमॅटो-मिरचीत अंड्याबरोबर परतायची. त्या फुलांसाठी मला दरवर्षी टेकडी चढावी लागे. कोमाद्रेच्या दारातच मिळाली तर बरं, एवढाच माझा विचार होता. वरून मी म्हणाले, "देवाच्या कामाला येतील." त्यावर हिलारियानं हट्ट सोडला. देवापुढे ती काय बोलणार?

प्लासिदानं सहा खांब आणले, कापलेली बाजू सुकावी म्हणून तीन आठवडे सावलीत आडवे ठेवले आणि खिडकीसमोर ओळीनं रोवले. सहाही लागले. दहा वर्षांत छपरापर्यंत पोचले. युक्काची जुनी पानं गळत नाहीत, वाळून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबत राहतात. आमच्याकडे असं मानतात, की फुलं येण्याआधी हा घागरा उतरवला तर झाड रुसतं आणि फुलत नाही. म्हणून ईस्टर होईपर्यंत कोणी कोयता लावत नाही. दहाव्या वर्षी फेब्रुवारीत प्लासिदा कोयत्याला धार लावत बसलेली दिसली, तेव्हा मीच म्हणाले, "कोमाद्रे, गुड फ्रायडेपर्यंत थांबा. फुलं घालवाल."

"फार वाळलंय हो. हात लावला तरी कुरकुर वाजतं."

"दरवर्षीच वाजतं."

तिनं कोयता ठेवून दिला.

ईस्टरला बारा दिवस उरले होते. मंगळवारी डोंगराच्या पाठीमागे धूर दिसला. कोणीतरी रान जाळलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. बुधवारी अंगणातल्या दोरीवरच्या चादरींवर राख पडली. गुरुवारी भर दुपारी चर्चची घंटा वाजू लागली आणि थांबेच ना.

गावातले पुरुष फावडी घेऊन ओढ्याच्या काठी, डोंगर आणि गाव यांच्यामधल्या ओकच्या राईकडे धावले. गावातल्या क्रिस्पिननं पिकअप काढली. "आधी पोरं आणि बाळंतिणी," तो म्हणाला. "हिलारियाबाईंना गादीसकट उचलायला चार माणसं लागतील. खालच्या गावातून घेऊन येतो. तासभर दम धरा."

"आणि तास पुरला नाही तर?" प्लासिदानं विचारलं. त्यानं गाडी सुरू केली. माझ्या मुली त्या गाडीत गेल्या. मी थांबले.

उंबऱ्यावरून समोरचा उतार दिसत होता. रानटी युक्का एकेक करून पेटत होते. बुडापासून सावकाश नाही, वाळका घागरा एका दमात शेंड्यापर्यंत उजळायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, मग खालचा दुसरा. मला आधी वाटलं, पेटत्या मेणबत्त्यांची मिरवणूक उतरते आहे. पण ती मिरवणूक आमच्याकडे येत होती. प्लासिदाच्या घराचं छप्पर लाकडी फळ्यांचं. त्याला टेकून सहा घागरे, आणि खिडकीच्या आत हिलारिया.

"कोमाद्रे, शिडी धरा," प्लासिदा म्हणाली.

ती वर चढून कोयत्यानं पानं उतरवू लागली, मी खालून ओढून वाटेपलीकडे नेऊन टाकू लागले. हातांना भोकं पडत होती. मी जपमाळ म्हणत होते, पण पुढचे शब्द आठवेनात, एकच ओळ पुन्हा पुन्हा. धुरानं सूर्य तांबडा झाला होता. तीन झाडं उघडी झाली तेवढ्यात वाऱ्यानं एक ठिणगी आणली आणि ती चौथ्याच्या घागऱ्यात शिरली. बारीक, विडी पेटल्यासारखा आवाज झाला. प्लासिदानं कोयता टाकला आणि दोन्ही हातांनी ती पानं मुठीत धरून खेचली, खाली टाकली, पायांनी तुडवली. तिच्या हातांचे तळवे मी पाहिले आणि नजर वळवली.

"अगं, माझ्या समोरचा आधी काढ," आतून हिलारियाचा आवाज आला. अगदी शांत, पाणी मागावं तसा.

"त्याला शिडी पुरत नाही."

"मग पाड."

"भरून फुललाय गं."

"दिसतोय मला. दहा वर्षं तोच बघतेय. पाड."

प्लासिदानं कुऱ्हाड आणली, पण भाजलेल्या हातांत दांडा राहीना. मी घेतली. मी कधी झाड पाडलं नव्हतं. युक्काचं खोड भिजल्या काथ्यासारखं, कुऱ्हाड आत रुतून बसायची आणि उपसावी लागायची. प्रत्येक घावागणिक एक फूल डोक्यावर पडत होतं. प्लासिदा पाठ लावून त्याला बाहेरच्या बाजूला रेटत होती. तो गेला तेव्हा दणका झाला नाही, नुसता फसकन् आवाज. मग चौथ्याचं उरलेलं मीच उतरवलं. आणि शेवटी सहाव्याचा घागरा.

आग ओकच्या राईत अडली. ओक पेटले नाहीत असं नाही, पण तिथं ती जमिनीवर आली, ओलसर पाचोळ्यातून सरपटत राहिली, आणि तिथंच पुरुषांना तिच्यावर माती टाकता आली. चारच्या सुमारास वारा पडला. क्रिस्पिन चार माणसं घेऊन आला, तेव्हा हिलारिया म्हणाली, "आता कुठं नेता? इतक्या वर्षांनी मला डोंगर दिसतोय."

मग उशीत तोंड खुपसून बराच वेळ रडली.

गुड फ्रायडेला फुलं भरपूर होती. पडलेल्या झाडाचीच. सगळ्यांनी खाल्ली, चव चांगली झाली म्हणाले. मी नुसती वाढत राहिले. पाद्रींपाशी सगळं कबूल केलं. प्लासिदापाशी कबूल करायला गेले, तर ती हाताच्या पट्ट्या दाखवत म्हणाली, "कोमाद्रे, माफी नंतर. आधी टॉर्टिया थापून द्या."

पावसाळा सरल्यावर ती त्या जळक्या राईत गेली आणि पदरभर ओकची फळं घेऊन आली. मोकळ्या जागेत सात पुरली. एक उगवलं.

"सावली?" मी विचारलं.

"पडेल तेव्हा पडेल. हिला बघायला हवंय."

या गोष्टीला तिसरं वर्ष. शेजारच्या थोट्या बुंध्यातून युक्काचे दोन कोंब फुटले, ते तिनं उपटले नाहीत. पण सगळ्यांचे घागरे आता फेब्रुवारीतच उतरतात. कोयता मी घेऊन जाते, तिच्या बोटांची मूठ पूर्ण वळत नाही. पाचांपैकी दोन यंदा फुललेले नाहीत. "रुसलेत," प्लासिदा म्हणते. "रुसू देत."

सोमवारपासून पुन्हा वारा सुटला आहे. आज सकाळी गेले तेव्हा ती उंबऱ्यावर होती. मीही शेजारी बसले. दोघी हवा हुंगत होतो. धूर नव्हता. आतून हिलारियानं विचारलं, "कुठला गं वारा?"

"दक्षिणेचा. डोंगरावरूनच," प्लासिदा म्हणाली.

"ओकची पानं मोजली का कोणी? मला इथून एकतीस दिसतात."

मी उठून मोजली. तेहेतीस आहेत. दोन भिंतीच्या बाजूला आहेत, तिला दिसत नाहीत. वहीत लिहून ठेवते: तेहेतीस पानं, वारा दक्षिणेचा, अजून पडलेला नाही.