कोरडी टोपली

गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बायका पुष्कळ, पण मावशी म्हटलं की एकच. कात्री सरळ आणि तोंड त्याहून सरळ! गिऱ्हाईक असो की व्याही, कुणाचं ऐकून घेणार नाहीत. त्यांना पुरून उरला तो एकटा सुनेने माहेरून आणलेला बोका.

त्याचं नाव मावशींनीच ठेवलं होतं, लाटसाहेब. कौतुकाने नव्हे हं! सुनेने त्याच्या शी-शूसाठी माती भरलेला ट्रे मांडला होता, पण साहेबांना पसंत पडली मशीनखालची चिंध्यांची टोपली. रोज सकाळी मावशी टोपलीत हात घालायच्या आणि घर डोक्यावर घ्यायच्या. "मेल्या, पुन्हा मुतलास? सूनबाई, तुझं हे ध्यान आवर, नाहीतर त्याचीच टोपी शिवते!" सून निमूटपणे चिंध्या धुवायला न्यायची.

एका सकाळी मावशींनी हात घातला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चिंध्या कोरड्या ठणठणीत. ट्रेसुद्धा कोरडा. "चला, अक्कल आली म्हणायची," त्या म्हणाल्या, पण कामात लक्ष लागेना. थोड्या वेळाने लाटसाहेब टोपलीत येऊन बसले, कुंथले, उठले, पुन्हा बसले. एक थेंब नाही. मग असे काही कळवळून ओरडले की मावशींचा पाय मशीनवरच थांबला.

"पोट साफ झालं नसेल हो, आई," सून म्हणाली. "थोडं दूध देऊन बघते."

"दूध कसलं देतेस! लघवी अडलीये त्याची. रोज याच्या नावाने मी बोंब मारते, मला नाही कळणार? गाडी बोलाव आधी!"

बाही अर्धीच सोडून मावशी निघाल्या, बोक्याला टोपलीसकट कवटाळून.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मूत्राशय दगडासारखं झालंय. बोक्यांची वाट अरुंद असते, तुंबली की अंगात विष भिनतं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हातचा गेला असता. नळी घालतो, पण खात्री देत नाही. कुणाच्या लक्षात आलं हे?"

"आईंच्या," सून म्हणाली. "आज शिव्या घालायला कारणच मिळालं नाही ना त्यांना."

मावशी बाहेरच्या बाकावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसल्या. "वाचेल ना गं?" एवढंच म्हणाल्या, आणि सुनेने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं.

लाटसाहेब तगले. नळी काढून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, "आता हा आपणहून मोकळा झाला की जिंकलो. नाही झाला तर तडक परत आणा."

घरी आल्यावर दोघींचा जीव टांगणीला. साहेब स्वच्छ ट्रेला वळसा घालून टोपलीकडे गेले. टोपली पुन्हा मशीनखाली सरकवताना वरून एका गिऱ्हाइकाच्या कोटाची मखमली कॉलर तिच्यात घसरली होती, जीव ओतून कापलेली. सून ती उचलायला धावली.

"हात लावशील तर बघ!" मावशींनी तिचं मनगट धरलं.

दोघी श्वास रोखून उभ्या. आणि धार लागली.

"मुतला! अगं, मुतला गं मुतला!" मावशींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी कोटवाल्या बाई आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मावशी, कसला हो हा वास?"

"आमच्या बोक्याचा!" मावशी मान ताठ करून म्हणाल्या. "कॉलर नवी लावून देते. पण आधी बसा, सगळं ऐकून जा."