रक्त पिणारी आणि वहिनीचा उंबरा

माझ्या बायकोनं जळगावात एक रक्त पिणारी बाई आणून ठेवली होती. डाळीच्या मिलच्या मागं, भाड्याच्या खोलीत. दिवसा झोपायची, रात्री दवाखान्यात आयाचं काम करायची. थट्टा नाही करत. आमच्या गल्लीतल्या बाया त्या मिलवरून जाताना मानेवर पदर घट्ट ओढून घ्यायच्या, इतकी ती खरी होती.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण यंदा बायको गेली, आणि भेटायला येणारे म्हणतात, "साधी बाई होती बिचारी." मला राग येतो. साधी कुठली? आणि बिचारी तर ती एक दिवस नव्हती. म्हणून लिहायला बसलो.

ऐंशीच्या पुढची वर्षं. मी जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद, मी घरी. उन्हाळ्यात घरी बसलेल्या पुरुषाला आमच्याकडं एकच काम मिळतं. काठी घ्यायची, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बसायचं आणि वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकलायचे. खाली बाया लाटत असायच्या. आज हिच्या घरचे उडदाचे पापड, उद्या तिच्या घरचे. प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं आणि दुसरीचं पीठ संपवून द्यायचं. मजुरी नाही. आज मी तुझ्याकडं आले, उद्या तू माझ्याकडं ये, एवढाच हिशेब.

त्याच्या आधी एकदा मी तिला टॉकीजला एक विलायती सिनेमा दाखवला होता, हिंदीत बोलणारा. रक्त पिणाऱ्या माणसाचा. मी दचकलो दोनतीनदा. ही बाहेर आल्यावर म्हणते, "बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात पाय ठेवत नाही, तेवढं मानाचं आवडलं. बाकी दम नाही त्याच्यात. लसणाला घाबरतो म्हणे! जळगावात राहून दाखव म्हणावं."

मग तिनं स्वतःची गोष्ट रचली. तिची रक्त पिणारी लसूण खायची. भरीत खायची, शेवभाजी खायची, वर ठेचा मागायची. त्या रक्त पिणारीची एक जुनी मैत्रीण होती, मांत्रिकीण. भाजीबाजाराजवळ तिचं बांगड्यांचं दुकान. बांगडी चढवता चढवता मंत्र घालायची, मग बाईच्या घरात खोटं बोलणाऱ्याला ठसका लागायचा. दोघी आधी एका चुलीवरचं जेवायच्या. रोज पापड लाटताना ही पुढचा भाग सांगायची. पीठ संपलं की गोष्ट बंद. बाया हातापाया पडायच्या, "अवं, पुढं सांग ना!" ही लाटणं पुसून उठायची. "पुढचं पुढच्या घरी."

गल्लीत तिला सगळे नुसतं 'पिणारी' म्हणायचे. एकदा एका घरी धुळ्याचे पाहुणे आलेले. त्यांनी ऐकलं, एक म्हातारी दुसरीला विचारते, "काल पिणारी कुठं पडली होती?" पाहुण्यानं चहा तसाच ठेवला.

आता वहिनीचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. वहिनीला मूलबाळ नाही. आमची पोरगी तिच्याच मांडीवर वाढली, तिला मोठी माय म्हणायची. एकदा पोरगी तापानं फणफणली. आदल्या दिवशी वहिनीनं तिला बर्फाचा गोळा खाऊ घातला होता. माझ्या बायकोच्या तोंडून गेलं, "पोटची असती तर कळलं असतं."

वहिनी उठली. म्हणाली, "आता तू स्वतः बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." हीपण ताठ. "मग मीबी तुमच्या दारात नाही." त्या दिवसापासून दोन्ही घरं बंद. भांडण बायांचं, पण आम्ही भाऊपण एकमेकांशी बोलेनासे झालो. पोरगी मोठी झाली तरी तसंच.

मग पोरीचं लग्न ठरलं, धुळ्याला. आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्यतृतीयेनंतरची तारीख. पोरगी म्हणाली, "मोठ्या मायच्या हातची हळद लागल्याशिवाय मी मांडवात येणार नाही." कोणाचं ऐकेना. बायकोनं आपल्या भावाच्या हाती वहिनीकडं आमंत्रणाचं कुंकू पाठवलं. ते परत आलं. "कुंकू पाहुण्याकडं पाठवतात," म्हणे. बरोबरच होतं तिचं.

त्या उन्हाळ्यात गल्लीत गोष्ट भलतीच रंगली होती. पिणारी एकदा फार भुकेली होती, तेव्हा मांत्रिकीण तिला घास भरवत होती, आणि पिणारी तिच्या हातालाच चावली. तिथं मैत्री तुटली. पिणारी सगळं गाव भटकली. शेवटी मांत्रिकिणीच्या दारी येऊन उभी राहिली. बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि इथं हिनं लाटणं खाली ठेवलं.

"पुढं?"

"पुढचं पुढच्या घरी."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. पुढचं घर वहिनीचं होतं. तिच्या पापडांना ही इतकी वर्षं गेली नव्हती.

एक म्हातारी शेजारीण होती, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "तिथं तर तू जात नाहीस गं."

"जाईन," ही म्हणाली.

मधल्या एका दिवसात कोणीतरी जाऊन वहिनीला लावून दिलं. "तुझी जाऊ तुलाच पिणारी करते. बोलावल्याशिवाय येत नाही ती तूच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या धाब्यावर काठी घेऊन, भाऊ त्याच्या धाब्यावर काठी घेऊन. दोघं तोंडं फिरवून बसलेलो. खाली वहिनी दारात कमरेवर हात देऊन उभी. बाकीच्या बाया आत जाऊन बसल्या. आमची मंडळी उंबऱ्याबाहेर, काखेत पोळपाट, डोक्यावर ऊन.

वहिनी म्हणाली, "माले पिणारी करी म्हणे तू! बठ्ठी, सारी गल्ली सांगी राहिनी."

"गल्लीले काय अक्कल शे?" ही म्हणाली. "पिणारी मी शे, अक्का. जेऊ घालणाऱ्या हाताला चावली ती मी. तो हात तुमचा."

हे तिनं हळू नाही सांगितलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, मान वर करून सांगितलं. माझ्या बायकोनं त्याआधी कोणापुढं हार खाल्लेली मी पाहिली नव्हती, आणि तीही हार मला वाटली नाही.

आतून म्हातारी ओरडली, "अवं मग आत तरी ये, पीठ वाळतंय!"

"तू गप," वहिनी तिच्यावर खेकसली. "घर मन्हं शे. बोलवायचं ते मी बोलवेन." मग हिच्याकडं वळून म्हणाली, "सांग. मांत्रिकिणीनं काय केलं?"

"मला ठाऊक नाही. मी दारापर्यंतच रचलंय."

"खोटं बोलतीस."

"तुमच्या गळ्याशप्पथ. आतलं मला सुचलंच नाही. मी नुसती उभी राहिले. पोरीच्या हळदीला या, अक्का. मी स्वतः बोलवायला आलेय."

वहिनीनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "उन्हात पापड वाळत घालतात, बाया नाही. मझार ये."

मझार म्हणजे आत. ही आत गेली. मी तसाच बघत बसलेलो. तेवढ्यात पलीकडून भावाचा आवाज आला. किती वर्षांनी पहिला शब्द, आणि तो असा, "ए येड्या, तुना पापड कावळा लई गया ना!"

"नेऊ दे," मी म्हणालो. "खाऊ दे त्याला."

त्या दिवशी गोष्ट झालीच नाही. दोघी शेजारी बसून लाटत राहिल्या, मध्येच एकीनं नाक ओढायचं, मग दुसरीनं. म्हातारी घरी जाताना शिव्या देत गेली, "दोघींनी मिळून आमचा शेवट खाल्ला."

हळदीला वहिनी सगळ्यांच्या आधी आली. पोरीच्या गालाला इतकी हळद चोळली की पोरगी ओरडली, "मोठी माय, डोळ्यात गेली!" डोळे मात्र तिघींचे लाल होते, आणि हळद एकीच्याच डोळ्यात गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात बायांनी तिला सोडलं नाही. मग पिणारी आणि मांत्रिकीण एका खोलीत राहायला लागल्या आणि रोज भांडायला लागल्या, दिवा कधी मालवायचा, भरितात लसूण किती घालायचा. असे भाग कितीतरी उन्हाळे चालले. पोरीनं ती गोष्ट धुळ्याला नेली. तिकडच्या बायांना पिणारी पांझरा नदीच्या काठी दिसायला लागली. पोरगी माहेरी आली की हिला विचारायची, "तिकडं ती काय काम करते सांगू?" ही म्हणायची, "काहीही कर. पण तिला उपाशी ठेवू नको. उपाशी राहिली की चावते."

हिचा दहावा झाला त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. धुळ्याचे व्याही, त्यांची वडीलधारी माणसं. बाया एका बाजूला बसलेल्या. वहिनी भिंतीला टेकून बसलेली, आता तिला नीट दिसतही नाही. ती एकदम म्हणाली, "त्या पिणारीनं एकदा बाजारातून वांगी चोरली होती."

"वांगी नाही, लसणाची माळ," कोपऱ्यातून एक म्हणाली.

"मांत्रिकिणीनंच चोरली आणि हिच्यावर घातली," तिसरी म्हणाली.

मग पोरगी बोलली, मग सगळ्याच. वहिनीनं अर्धं विसरलेलं, अर्धं चुकीचं सांगितलं, बाया दुरुस्त करत गेल्या, आणि शेवटी सगळ्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. धुळ्याचे एक आबा माझ्याकडं बघायला लागले. दहाव्याच्या घरात हे काय?

मी म्हणालो, "हसू द्या, आबा. हे सगळं माझ्या बायकोनं रचलंय."